लवू मिस्त्रींचा कान

गाड्यांबद्दल मला इतकंच माहीत होतं की त्या पुढे जातात, आणि गेल्या नाहीत की आमच्या ह्यांना जेवायला उशीर होतो. तेहतीस वर्षांच्या संसारात याहून जास्त माहिती मला लागली नाही. मी शाळेच्या ऑफिसात लेखनिक, हे कांदिवलीत गॅरेजवाले. त्यांच्या बोटांना ग्रीस, माझ्या बोटांना शाई. संध्याकाळी दोघं एकाच साबणाने हात धुवायचो, एवढाच आमच्या कामांचा एकमेकांशी संबंध.

मग मी रिटायर झाले. पहिले पंधरा दिवस झकास गेले. सोळाव्या दिवशी मी फ्रिजच्या मागची भिंत घासली. सतराव्या दिवशी शेजारच्या गार्गीला ती भेंडी कशी चुकीची चिरते ते समजावून सांगितलं. अठराव्या दिवशी हे म्हणाले, "रत्ना, उद्यापासून गॅरेजात येऊन बस. तासभरच." तासभर म्हणजे किती, ते माणसाने आधीच विचारून घ्यावं. आता मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तिथेच असते आणि घरची भिंत पुन्हा काळी झाली आहे.

लिंक रोडच्या मागच्या गल्लीत आमचं गॅरेज. दोन गाड्या आत आणि तीन बाहेर, एवढी जागा. माणसं दोनच. एक हे, म्हणजे लवू मिस्त्री, आणि दुसरा निलेश, जो पंधरा वर्षं ह्यांच्या हाताखाली काम करून आता स्वतः उत्तम मिस्त्री झाला आहे, पण अजून ह्यांना उस्ताद म्हणतो. माझं काम टेबलामागे बसून गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घेणं. सोपं वाटलं होतं. शाळेत मी पालकांच्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या, त्यापुढे गाडीची काय बिशाद!

पण गाडीवाल्याला पार्टचं नाव माहीत नसतं. तो आवाज काढतो. चांगले शिकलेले, टाय लावलेले लोक माझ्यासमोर उभे राहून तोंडाने खडखड, घर्रघर्र, फुस्स असे आवाज काढायचे, आणि मी पेन धरून बघत राहायची. हे आतून ते ऐकायचे आणि निलेशला नुसतं पार्टचं नाव सांगायचे. म्हणजे गिऱ्हाईक एक भाषा बोलतंय, मिस्त्री दुसरी, आणि मी मध्ये ठोंब्यासारखी. मला असा कारभार खपत नाही. मी एक दोनशे पानी वही आणली, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे गिऱ्हाइकाने काढलेला आवाज, उजवीकडे शेवटी काय निघालं ते.

वही भरत गेली. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड: लिंक रॉड. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कट-कट-कट: एक्सलचा जॉइंट. वेग वाढला की घूंऽऽ: चाकाचं बेअरिंग. चावी फिरवल्यावर नुसतंच टक: बॅटरी, नाहीतर सेल्फ. सेल्फ म्हणजे काय हे मी तीन दिवस कोणाला विचारलं नाही, अपमान वाटत होता. चौथ्या दिवशी ह्यांनीच दाखवलं. इंजिनाला पहिला धक्का देणारी ती एक मोटर. तिने इंजिन जागं करायचं आणि बाजूला व्हायचं. "हाफ इंजिन करावं लागेल," असं निलेशने एकदा एका माणसाला सांगितलं तेव्हा तो माणूस आणि मी दोघंही पांढरे पडलो. मला वाटलं अर्धं इंजिन काढून फेकणार. तसं नसतं. इंजिन पूर्ण न उतरवता पिस्टन, रिंगा असलं काय काय बदलायचं, त्याला हाफ इंजिन म्हणतात.

हे शिकवायचे फार सुरेख. मला तेहतीस वर्षं पत्ता नव्हता. दुपारी डबा खाऊन झाला की जुना पार्ट हातात घेऊन बसायचे.

"क्लच म्हणजे दोन ताटं समज. एक इंजिनाबरोबर फिरतंय, दुसरं चाकांच्या बाजूचं. दोन्ही घट्ट चिकटली की गाडी चालते. तू पायाने क्लच दाबलास की ती सुटी होतात. तेवढ्यात गिअर बदलायचा."

"आणि ताट झिजलं की?"

"मग पहिलं जिवाच्या आकांताने फिरतं आणि दुसरं नुसतं घसरत बसतं."

"आमच्या हेडमास्तरांसारखं," मी म्हटलं. हे इतके हसले की पाण्याचा ग्लास लवंडला.

ब्रेकचंही असंच समजावलं होतं. चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या दोन वड्या, ती पॅडं. पॅडं झिजत जातात. पार संपायला आली की पॅडावरची एक छोटीशी पत्र्याची पट्टी डिस्कला टेकते आणि चींऽ करून ओरडते. ती पट्टी मुद्दामच तशी बसवलेली असते. "मालकाला कळावं म्हणून," हे म्हणाले. "गाडी मरायच्या आधी बोंब मारते. माणसापेक्षा शहाणी."

पण ह्यांचं खरं नाव होतं ते कानासाठी. एकदा आम्ही चहा पीत होतो, गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी वळली. ह्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "निलेश, ती पांढरी आपल्याकडेच येतेय. पुढचं डावं बेअरिंग." आणि ते डावं बेअरिंगच निघालं. मालाडहून, बोरिवलीहून लोक यायचे ते या कानासाठी. कॉम्प्युटर लावून तपासणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमधले मिस्त्रीसुद्धा कधीमधी गुपचूप गाडी घेऊन यायचे. "काका, जरा ऐका ना." माझ्या नवऱ्याकडे सोनंनाणं नाही, पण हा कान होता, आणि त्याचा त्यांना जो काय अभिमान होता तो मला दागिन्यापेक्षा जास्त आवडायचा.

म्हणूनच आमच्याकडे शेवटच्या फेरीचा नियम. वाकोल्याच्या ज्या गॅरेजात हे सतराव्या वर्षी पत्रे ठोकायला लागले, तिथल्या उस्तादाचा हा नियम. काम कोणीही करो, गाडी बाहेर जाण्याआधी शेवटची फेरी उस्ताद मारणार. काचा बंद, एसी बंद, रेडिओ बंद, शेजारी कोणी बसायचं नाही. गल्लीतून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. उतरल्यावर हे एकच शब्द बोलायचे. "ने", नाहीतर "ठेव". त्यावर आजवर कोणी वाद घातला नव्हता.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास शर्ली आली. ही मालाडच्या खारोडी गावातली, केटरिंगचं काम करते, लाल रंगाच्या लहान गाडीतून पातेली आणि डबे घेऊन मुंबईभर फिरत असते. बोलायला चुरचुरीत पोरगी, मला फार आवडते.

"मावशी, क्लच जाम जड झालाय, पाय दुखतो यार. आणि पुढून एक बारीक चीं-चीं येतंय. सिग्नलला थांबताना. आजच करून द्या हां, उद्या पहाटे पप्पांना घेऊन नाशिकला चाललेय, बाळ येशूच्या सणाला. पप्पा अठ्ठ्याहत्तरचे झाले, यंदा जायचंच म्हणून बसलेत."

मी दोन्ही तक्रारी लिहून घेतल्या. निलेशने क्लचची केबल बदलली, पेडल मऊ झालं. दुपारी तीनला शर्ली पुन्हा हजर. हे नेहमीप्रमाणे काचा बंद करून शेवटच्या फेरीला गेले, पाच मिनिटांत आले, दारात ब्रेक मारून थांबले आणि उतरले.

"ने."

"आणि ते चीं-चीं, काका?"

"काही नाही बाय. मी ऐकलं ना नीट. रस्त्याचा आवाज असतो, धूळ असते. तुझा भास."

मी वहीत उजव्या बाजूला 'भास' असं लिहायला घेतलं. 'भा' लिहून झाला आणि माझं पेन थांबलं. कारण आताच, हे दारात थांबले तेव्हा, मी तो आवाज ऐकला होता. स्टीलच्या ताटावर काटा ओढावा तसा. दात शिरशिरले होते माझे. आणि तरीही मी 'भास' लिहायला निघाले होते, कारण लवू मिस्त्री म्हणाले होते.

मी वही मागे उलटली. लेखनिकाची नजर, एकदा शोधायला लागली की सोडत नाही. नोव्हेंबरात चंद्रप्रकाश वकील: 'सकाळी गाडी काढताना बारीक कुईं', भास. पंधरा दिवसांत त्यांचा फॅन बेल्ट पुलावर तुटला होता आणि आम्ही त्याला त्यांचं नशीब म्हटलं होतं. डिसेंबरात शीतल: 'एसी लावला की शीळ', भास. जानेवारीत एक गृहस्थ: 'मागून चिमणीसारखं', भास. खडखड, घूं, धाडधाड, सगळे जाड आवाज ह्यांनी अचूक ओळखले होते. जेवढे बारीक, तेवढे सगळे भास. माझ्या सुंदर अक्षरात, एकाखाली एक.

आणि मग सगळंच आठवायला लागलं. जानेवारीत ह्यांना ताप आला होता, मी थर्मामीटर तोंडात दिला, "वाजला की काढा" म्हटलं. तो तीनदा वाजला, हे तसेच बसून. मी स्वयंपाकघरातून ओरडले तेव्हा काढला. मला वाटलं आजारी माणूस आहे, रुसलाय. ह्यांना बारीक आवाज येतच नव्हते. आणि हे ह्यांना माहीत नव्हतं.

शर्लीने चावी घेतली, ओढणी सावरली, दार उघडलं. मला सरळ दिसत होतं. तिला जाऊ दिलं तर उद्या म्हातारा बाप शेजारी, आणि परतताना कसारा घाटाचा उतार, संपत आलेल्या पॅडांवर. तिला अडवलं तर ह्यांचा कान भर दुपारी, गिऱ्हाइकासमोर, निलेशसमोर उघडा पडणार. आयुष्यभराचं एकच नाव, ते मी, त्यांच्या बायकोने, घालवायचं. बाजूला नेऊन हळूच सांगावं तर वेळ नव्हता, शर्लीने सेल्फ मारलासुद्धा होता.

"शर्ली, थांब गं!" मी टेबलामागून उठून बाहेर आले. आधी जरा डोकं चालवून पाहिलं. "अहो, घाटात चाललीय पोरगी. एकदा पुढची पॅडं बघून घ्या ना. मनाला बरं."

"गरज नाही. मी फेरी मारली."

"बघायला काय जातंय?"

"रत्ना, मी फेरी मारली म्हटलं ना."

हा सूर मला ओळखीचा. त्यापुढे नम्रपणाचा उपयोग नसतो, आणि नम्रपणा माझ्याकडे असतोही थोडाच. "मला आवाज येतोय," मी म्हटलं. "पॅडाचा. तुम्हीच शिकवलेला."

ह्यांचा चेहरा लाल झाला. "तू कधीपासून मिस्त्री झालीस?"

"झाले नाही. पण आवाज येतोय."

"मला आला नाही!"

"तेच तर म्हणतेय मी!"

बोलून गेले आणि माझं मलाच वाईट वाटलं. हे निलेशकडे वळले. "निलेश, सांग हिला. तू होतास दारात. आला आवाज?"

निलेश हातातल्या फडक्याने कोरडे हात पुसत राहिला. "उस्ताद..." तो म्हणाला. "आला होता. सकाळी पण आला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही 'ने' म्हणालात ना. मला वाटलं, उस्तादाला नाही आला म्हणजे नसेलच. माझेच कान वाजत असतील."

हे ऐकून मला निलेशचा राग यायला हवा होता, पण मी स्वतः आतमध्ये 'भा' लिहून आले होते. आम्ही दोघांनीही स्वतःच्या धडधाकट कानांवर विश्वास ठेवला नव्हता. इतका मोठा करून ठेवला होता आम्ही त्या माणसाचा कान.

हे आत जाऊन स्टुलावर बसले, पाठ आमच्याकडे करून. निलेशने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्याने जॅक लावला, पुढचं उजवं चाक उतरवलं, पॅड काढलं आणि तळहातावर धरलं. बोटभर जाडीचं असायला हवं ते बिस्किटापेक्षा पातळ झालं होतं, आणि ती छोटी पट्टी घासून घासून आरशासारखी चकचकीत. डिस्कवर तिने एक बारीक गोल रेघ ओढून ठेवली होती. शर्लीने ते बघून छातीवर क्रूसाची खूण केली.

पाठीमागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. हे बाहेर आले, निलेशच्या हातातून पॅड घेतलं, पट्टीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मी मनात म्हटलं, आता रागावा, ओरडा, माझ्यावर काय काढायचं ते काढा, पण असे गप्प राहू नका.

"बाय," हे शर्लीला म्हणाले, "माझी चूक. तुझा भास नव्हता. मला ऐकू आलं नाही."

एवढंच. पण हे शब्द तोंडातून काढताना माझ्या नवऱ्याला काय लागलं असेल ते मला ठाऊक आहे. मला त्या क्षणी त्यांचा जितका अभिमान वाटला तितका पांढऱ्या गाडीच्या बेअरिंगच्या वेळी वाटला नव्हता.

शर्ली गोड पोरगी. "जाऊ दे ना काका," ती म्हणाली. "पप्पांना तर चर्चची घंटा पण नाही येत. मी दंडाला धरून उठवते मिस्साच्या प्रार्थनेला. तुम्ही आता नवीन पॅडं टाका फक्त, मी चहा सांगते सगळ्यांना." आणि खरंच कोपऱ्यावर चहा सांगायला गेली.

दोन्ही चाकांची पॅडं बदलली. या वेळी ह्यांनी स्वतः बसवली, निलेशला हात लावू दिला नाही. पाना फिरवताना त्यांचे हात नेहमीसारखेच होते, शांत आणि नेमके, ते बघून माझा जीव जरा भांड्यात पडला. चाकं चढली, जॅक उतरला. राहिली शेवटची फेरी.

हे चावी हातात घेऊन गाडीजवळ उभे राहिले. मग चावी निलेशपुढे धरली. "तू मार."

निलेश दोन पावलं मागे सरला. "मी नाही उस्ताद. फेरी तुमचीच."

"अरे पण—"

"मी नाही."

हे चावीकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं की आता जर हे आत जाऊन बसले तर उद्या गॅरेजात येणार नाहीत, आणि उद्या नाही आले तर परवाही नाहीत. इतक्यात ह्यांनी गाडीला वळसा घातला आणि ड्रायव्हरच्या शेजारचं दार उघडलं.

"रत्ना," म्हणाले, "बस."

मी चपला झटकून आत बसले. शेवटच्या फेरीत उस्तादाशेजारी बसलेलं या गल्लीने कोणाला पाहिलं नव्हतं. निलेशचं तोंड उघडंच राहिलं. ह्यांनी काचा चढवल्या. एसी बंद, रेडिओ बंद. गाडीत जिऱ्याचा आणि शर्लीच्या पातेल्यांचा वास येत होता.

घरात दोघंच असलो की हे मालवणीवर येतात. गाडीतही आले. "मी ब्रेक मारतंय. तू ऐक."

हळूच ब्रेक मारला.

"येता?"

"नाही."

"परत." पुन्हा मारला, जरा जोरात.

"नाही हो. काहीसुद्धा नाही."

ह्यांनी मान हलवली आणि गाडी पुढे काढली. तिसऱ्यांदा ब्रेक मारून पाहिला नाही. गाडीच्या बाबतीत दुसऱ्याच्या शब्दावर ह्यांनी मान हलवलेली मी तेहतीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि आज ती माझ्या शब्दावर हलली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

टाकीपाशी ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"माका वाटला गाडयो सुधारल्यो," ते म्हणाले.

"काय?"

"खरंच गो. गेली दोन-तीन वर्षं. पूर्वी प्रत्येक गाडी कुरकुरायची, किंचाळायची. हल्ली नुसता जाड आवाज, बाकी सगळं मऊ. मला वाटलं कंपन्या शहाण्या झाल्या. निलेशला सांगायचो मी, बघ, काय गाड्या बनवायला लागलेत."

सांगायचे, खरंच सांगायचे. मीही ऐकलं होतं दहादा, आणि मान डोलावली होती. मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की माझा चेहरा फार वाईट दिसतो, म्हणून मी पदर लावला.

"अजून काय काय येत नाही मला? सांग आता सगळं."

"थर्मामीटर."

"तो वाजतो?"

"वाजतो. दारावरची नवी बेलही वाजते. चिमणीसारखी."

"आणखी?"

आणखी एक होतं, ते सांगावं की नाही असं झालं मला. पण आज लपवाछपवीचा दिवस नव्हता. "आपली जान्हवी फोन करते," मी म्हटलं. जान्हवी आमची मुलगी, लग्न होऊन मुलुंडला असते. "तिची ऋतिका स्क्रीनवर येते ना. ती तुम्हाला हाक मारते. दर वेळी. आजोबा, आजोबा म्हणून काहीतरी सांगत असते."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "ती बोलता? माका वाटला नुसती हसता. म्हणून मी पण हसून दाखवतंय."

चार वर्षांच्या पोरीचा आवाज तो, किती बारीक असणार! माझ्या नवऱ्याचे डोळे भरले आणि त्यांनी ते तसेच भरू दिले. टाकीवरून कावळे उडत होते. मी त्यांच्या ग्रीसच्या हातावर हात ठेवला, म्हटलं, "रविवारी गॅरेज बंद. त्याआधी शनिवारी सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. यंत्र म्हणाला तर यंत्र. आजकाल वाटाण्याएवढं असतं. आणि रविवारी थेट मुलुंडला."

मला वाटलं होतं, कटकट करतील. केली नाही. "जाऊया," म्हणाले. आणि जरा वेळाने, "तोपर्यंत फेरीक तू बस माझ्याबरोबर. बारीक तू ऐक, जाड मी ऐकतंय."

"बसेन की."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. सगळं उघड झालं होतं आणि काहीही मोडलं नव्हतं. शिवाय माझ्या मनात आणखी एक हिशेब चालू झाला. तेहतीस वर्षं मी या माणसाला येताना कोथिंबीर आणा म्हणून सांगते, हा आणत नाही. गिझर बंद करा म्हणून सांगते, हा करत नाही. सोमवारी सांगितलेलं गुरुवारी पुन्हा सांगावं लागतं. बिचाऱ्याला ऐकूच येत नव्हतं! मी उगाच जीव जाळला. मी तिथल्या तिथे सगळं माफ करून टाकलं, अगदी मोठ्या मनाने.

"आणि माझं बोलणं?" मी मायेने विचारलं. "तेही नसेल ना येत धड?"

"तुझा?" हे इंजिन चालू करता करता थांबले. "तुझा सगळा येता."

"सगळं?"

"शब्द न् शब्द. तुझो आवाज जाड असा गो. पहिल्यापासून. तू मोरीतून बोललंस तरी माका गॅलरीत स्वच्छ येता."

"कोथिंबीर पण?"

ह्यांचे खांदे हसण्याने हलायला लागले होते.

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी दार उघडून गॅरेजपर्यंत चालत गेले असते. त्या दिवशी मी नीट मांडी ठोकून बसले, आणि ज्या आवाजाला जाड म्हटलं त्याच आवाजात म्हणाले, "मग आता ऐका. गाडी वळवा, पोरगी चहा घेऊन उभी आहे." आणि ह्यांनी ऐकलं. पहिल्या हाकेला.